चांद्याच्या अंगाला लावलेलं औषध

माझ्या बायकोची अशी समजूत आहे, की माझ्या आयुष्यातलं तिला ठाऊक नाही असं काही उरलेलं नाही. चारचौघांत ती तसं बोलूनही दाखवते, आणि मी हसून मान डोलावतो. पण एक गोष्ट उरली आहे. ती तिला सांगितली नाही, मुलांना नाही, ज्याच्याबरोबर रोज संध्याकाळी फिरायला जातो त्या मित्रालाही नाही. तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित सोपं जाईल — नाही, सोपं जात नाहीये. कागद पुढे ओढण्याची ही तिसरी वेळ.

गोष्ट एका कुत्र्याच्या गोचिडींपासून सुरू होते. हसू आलं ना? येऊ द्या. मीही कित्येक वर्षं स्वतःची अशीच समजूत घालत आलो — एक कुत्रं, त्याच्या अंगावरच्या गोचिडी, त्यात एवढं काय? पण ती गोष्ट कुत्र्यापाशी थांबत नाही.

तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. देश स्वतंत्र होऊन दहाएक वर्षं झाली असतील. मी मूळचा किहीमकडचा. मास्तर म्हणून नेमणूक मिळाली ती थेट मुरूडच्या पलीकडे, आगरदांड्याच्या वाटेवरच्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही. शाळा दोन खोल्यांची, मास्तर मी एकटा. राहायला होतो अक्कांच्या घरी. अक्का पन्नाशीच्या, नवरा वारलेला, मुलगा मुंबईला गिरणीत. घरामागे नारळी-पोफळीची वाडी. ओटीवरची एक बाजू त्यांनी मला दिली होती, दोन वेळा जेवायला घालायच्या आणि माझी आई विचारणार नाही एवढ्या वेळा विचारायच्या, "मास्तर, पोट भरलं ना तुमचं?"

त्यांचं कुत्रं म्हणजे चांद्या. काळा कुळकुळीत, कपाळावर पांढरा ठिपका. अक्कांच्या नवऱ्यानं ते पिल्लू मुरूडच्या बाजारातून सदऱ्याच्या आत घालून आणलं होतं, आणि त्याच वर्षी तो तापानं गेला. तेव्हापासून अक्का दिवसभर चांद्याशी बोलायच्या. पेजेत मीठ कमी पडलं इथपासून मुलाचं पत्र आलं नाही इथपर्यंत सगळं त्याला सांगायच्या. घरात एक मांजरही होती, मनी. ती चांद्याच्या पोटाला पाठ लावून चुलीजवळच्या गोणपाटावर झोपायची.

आणि वाडीच्या कोपऱ्यातल्या कुडाच्या झोपडीत राहायची मंगळी.

मंगळी कातकरीण. वय — पस्तीस असेल, पन्नास असेल, मला कधी सांगता आलं नाही. तिचा नवरा लखमा कोळशाच्या भट्टीवर भाजला होता, एक पाय कायमचा गेला होता. पाऊस सरला की तिची सगळी माणसं भट्ट्यांवर निघून जायची. ही दोघं मागे राहायची, कारण लखमाला चालवत नव्हतं. अक्कांनी त्यांना जागा दिली होती. मंगळी वाडीचं शिंपणं करायची, पडलेले नारळ गोळा करायची, लाकडं फोडायची. आणि गावातल्या जनावरांचं बघायची — कुणाची गाय अडली, कुणाच्या बैलाच्या खांद्याला जखम झाली, की मंगळीला हाक.

चांद्याच्या गोचिडी ती दर सोमवारी आणि गुरुवारी काढायची. मला ते आजही लख्ख दिसतं. ती मागच्या अंगणात पाय पसरून बसायची, चांद्या तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडायचा. कान उलटा करायची, बोटांच्या बेचक्या बघायची, शेपटीखाली बघायची. एरंडाच्या बीसारखी टम्म फुगलेली गोचीड ती नखात धरून, जरा पीळ देऊन अशी उपटायची की तोंड कातडीत राहू नये. मग ती घासलेटाच्या करवंटीत टाकायची. सगळं झालं की करंजाचं तेल आणि निरगुडीचा पाला अंगाला चोळायची, आणि ते सुकेपर्यंत चांद्याचं तोंड दोरीनं हलकं बांधून ठेवायची, चाटू नये म्हणून. मनीला मात्र ती कधीच काही लावत नसे. तिच्या पिसवा नुसत्या फणीनं विंचरून काढायची आणि फणी उकळत्या पाण्यात बुडवायची.

एकदा मी सहज विचारलं, मांजरीला का नाही लावत? मंगळीनं माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाली, "मांजर दिसभर आंग चाटतं, मास्तर. तिच्या आंगाला लावलं त्ये तिच्या पोटात ग्येलं म्हनून समजा."

हे मला सांगितलेलं होतं. लक्षात ठेवा. मला ठाऊक नव्हतं असं म्हणायला मी जागा ठेवलेली नाही.

पण त्या वयात मला वाटायचं, हिला काय कळतं? मी शाळेत आरोग्याचे नियम शिकवत होतो. फळ्यावर डासाचं चित्र काढत होतो, पिसवेचं चित्र काढत होतो. नवा देश, नवी विद्या, आणि त्यात आमच्या अंगणात ही बाई करवंटी घेऊन बसलेली. अक्कांना मी दोन-तीनदा म्हटलंही होतं, "हे जुनं झालं अक्का. आता औषधं निघाली आहेत." अक्का हसायच्या. "ती करते त्ये बरं हाय, मास्तर. चांद्याला तिचा हात आवडतो."

तिचा हात आवडतो. मला ते उगाच लागलं. असं का लागावं? एवढं करूनही सगळ्या गोचिडी जात नसत, हे खरं. वाडीत, गवतात त्या असायच्याच. आठवड्यात परत चढायच्या. ओटीवर पिसवाही व्हायच्या. माझ्या पायांवर लाल ठिपके उठायचे, आणि मुलं वर्गात माझ्या पायांकडे बघून एकमेकांना कोपरानं ढोसायची.

नवरात्र होऊन गेल्यावर गावात मलेरियाचे फवारणीवाले आले. घराघरांच्या भिंतींवर पांढरं औषध मारून गेले. त्यांची उरलेली पोती त्यांनी शाळेच्या मागच्या खोलीत ठेवली, पुढची फेरी होईपर्यंत. चावी माझ्याकडे. त्यांच्यातला एक पोक्त माणूस होता, त्याला मी विचारलं, "हे कुत्र्याच्या गोचिडींवर चालेल का हो?"

तो म्हणाला, "भिंतीसाठी आहे गुरुजी. जनावराच्या अंगाला नको. आणि तेलात कालवून तर मुळीच नको, कातडीतून आत उतरतं."

हेही मला सांगितलेलं होतं.

आता दिपोटींबद्दल सांगायला हवं. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांना तेव्हा सगळे दिपोटी म्हणत. बुधवारी दिपोटी येणार असा निरोप आला, आणि मुक्कामाला कुठे, तर अक्कांच्या ओटीवर, माझ्या शेजारी. माझी पहिलीच तपासणी. माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र — साहेब पिसवांनी हैराण झालेत आणि पाय खाजवत माझा शेरा लिहीत आहेत. तुम्हाला क्षुल्लक वाटेल. मला तेव्हा त्याच्यापेक्षा मोठं जगात काही नव्हतं.

रविवारी सकाळी अक्का चौलला गेल्या, भावाच्या नातवाचं बारसं होतं. सोमवारी परत येणार होत्या. जाताना म्हणाल्या, "चांद्याला पेज घाला, मास्तर. मनीला चुलीवरच्या जाळीत मासळी ठेवलीय. मंगळी उद्या येईलच." मी हो म्हटलं. त्या वळणापलीकडे गेल्या, आणि मी शाळेची चावी घेतली.

पोत्यातून वाटीभर पावडर काढली. घरी आणली. नुसती कोरडी अंगावर राहीना, झटकली की उडून जायची. मग मी ती खोबरेल तेलात कालवली — हो, तेलातच. त्या माणसाचे शब्द कानात होते. मी म्हटलं, तो फवारणारा माणूस, त्याला हुकूम तेवढा ठाऊक. एवढ्याशानं काय होतंय? चांद्याला मागच्या अंगणात घेतलं आणि मानेपासून शेपटीपर्यंत चोळचोळ चोळलं. तो गुमान उभा राहिला. मधूनच माझ्या मनगटाला जीभ लावायचा. मग मनीला पकडलं. तिनं मला ओरबाडलं, तरी मी तिला गोणपाटात धरून पोटाखाली, मांड्यांत, सगळीकडे लावलं. तिचं तोंड मी बांधलं नाही. चांद्याचंही नाही.

दुपार कलायच्या आत गोचिडी गळायला लागल्या. अंगणात काळ्या ठिपक्यांचा सडा. मी केरसुणीनं त्या गोळा केल्या आणि — सांगायला लाज वाटते — मोजल्या. मंगळीला दाखवायच्या होत्या. वाटलं होतं, उद्या ती करवंटी घेऊन येईल तेव्हा तिच्या पुढ्यात ठेवीन आणि म्हणेन, बघ. रात्री मी छान झोपलो.

सोमवारी उजाडता चूल पेटवायला आत गेलो, तर लाकडांच्या मागे काहीतरी खरखरत होतं. मनी आडवी पडली होती. तिचा जबडा लटलट हलत होता, चारी पाय पळत असल्यासारखे चालू होते. मी हात लावला तर सगळं अंग एकदम ताठ झालं. पाणी आणायला गेलो, परत आलो, तोवर ती गेली होती.

मी तिला गोणपाटात गुंडाळलं आणि वाडीच्या टोकाला बांबूच्या बेटाखाली पुरलं. माती सारखी केली. वर पाचोळा ओढला.

इथे मी पहिल्या दोन्ही वेळा कागद बाजूला ठेवला होता. कारण यानंतरचं जे आहे ते अज्ञानानं झालेलं नाही.

मी बांबूच्या बेटाकडून परत आलो तेव्हा चांद्या दारात उभा होता. उभा होता, समजताय ना तुम्ही? शेपटी हलवत होता. पेज त्यानं खाल्ली नव्हती, आणि खांद्यावरची कातडी माशी बसल्यावर थरथरावी तशी मधूनमधून थरथरत होती. मी ते पाहिलं. मला कळलं. तेवीस वर्षांच्या शिकलेल्या माणसाला ते न कळण्यासारखं नव्हतंच. विहीर दहा पावलांवर होती. साबण घरात होता. तासाभराचं काम. नाहीतर वाडीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन नुसती हाक मारायची — मंगळी, माझ्या हातून असं झालंय, काय करू?

तेवढी हाक मला मारवली नाही. कुत्र्याला धुताना ती बघेल, का धुताय विचारेल, मनी कुठे विचारेल, आणि मग मला सांगावं लागेल — तिला, ज्या बाईला मी आज गोचिडी मोजून दाखवणार होतो. मी अंगरखा चढवला, दार ओढलं आणि शाळेत गेलो. दिवसभर मुलांकडून दिपोटींसमोर म्हणायची प्रार्थना घोकून घेतली.

दुपारी एका मुलीची आई शाळेच्या दारात आली. "मास्तर, चला, अक्कांच्या चांद्याला फेफरं आल्यावानी झालंय."

मी गेलो तेव्हा अंगणात दहा-बारा माणसं जमली होती. मधे मंगळी बसली होती, नखशिखांत भिजलेली. तिच्या मांडीवर चांद्या, तोही भिजलेला, अंगाला राखेचा आणि रिठ्याचा फेस. तिनं त्याला धुतलं होतं. कुणी न सांगता, नुसत्या वासावरून आणि हाताला लागलेल्या तेलकट पांढऱ्यावरून तिनं ओळखलं होतं की अंगावरचं काहीतरी उतरवलं पाहिजे. मी सकाळी जे करायला हवं होतं ते तिनं दुपारी केलं. मधे सहा तास गेले होते. चांद्याचे डोळे उघडे होते, दात वाजत होते, आणि दर थोड्या वेळानं त्याचं अंग धनुष्यासारखं ताणलं जायचं. ती त्याचा जबडा हातात धरून म्हणत होती, "ऱ्हा रे बाबा, ऱ्हा."

आणि नेमक्या त्याच वेळी अक्का आल्या. हातात बारशाच्या घुगऱ्यांचं पुडकं.

त्यांनी काय पाहिलं? मंगळीच्या मांडीवर तडफडणारा चांद्या. शेजारी तिची करंजाच्या तेलाची बाटली आणि ठेचलेला पाला, कारण सोमवार होता आणि ती नेहमीसारखी सगळं घेऊन आली होती. अक्कांच्या हातातलं पुडकं खाली पडलं.

"काय क्येलंस गं त्याला?"

मंगळी म्हणाली, "म्या न्हाय, अक्का. म्या आले तवा ह्यो कापतच व्हता. आंगाला कायतरी पांढरं व्हतं याच्या, त्येलात कालवल्यालं. म्या धुवून काढलं."

अक्का माझ्याकडे वळल्या. त्यांच्या डोळ्यांत संशय नव्हता, तेच वाईट. त्या खरं काय ते मला विचारत होत्या, कारण मी मास्तर होतो, खरं सांगणं माझं काम होतं.

"मास्तर, तुमी काय लावलं व्हतं का याला?"

"मी? नाही," मी म्हटलं.

एवढ्यावरही मी थांबलो असतो तर — पण नाही. कुणी विचारलं नव्हतं तरी मी पुढे बोललो. जरा घसा खाकरून, वर्गात बोलतो त्या आवाजात. "मी तुम्हाला आधीच सांगत होतो अक्का. हा रानातला पाला, ह्या बिया, कशात काय विष असेल काय सांगावं. प्रमाण नाही, काही नाही."

मंगळीनं मान वर केली. तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे. आपण एखाद्या माणसाला वाट विचारावी आणि त्यानं मुद्दाम उलटीकडे बोट दाखवावं, तेव्हा कसं बघू, तसं. मग तिनं नजर खाली नेली आणि परत चांद्याचा जबडा धरला.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "आन मांजर कुठाय अक्कांचं? त्ये पन इचारा हिला." दुसरा हसला. म्हणाला, "मांजर कशाला सापडतंय? कातकऱ्यांच्या झोपडीत जाऊन मडकं बघा."

मांजर बांबूच्या बेटाखाली होतं. मी बोलणाऱ्यापासून दोन पावलांवर उभा होतो. माझ्या नखांत अजून बेटाखालची माती होती. मी हात पाठीमागे घेतले.

चांद्या दिवस मावळायच्या आत गेला. अक्का रडल्या नाहीत. त्यांनी मंगळीला एवढंच सांगितलं, "तुजा हात माज्या घराला नगं आता. जा तू." माणसांनी मग आपापल्या परीनं त्यात भर घातली. कुणी म्हणालं, मागे आमची पारडी मेली ती हिच्याच औषधानं. कुणी म्हणालं, हिला करणीबिरणी येते. ज्यांच्या गाई तिनं सोडवल्या होत्या तेही म्हणाले. कुणी तिला मारलं नाही, हातही लावला नाही. नुसतं हाक मारणं बंद झालं. विहिरीवर तिच्या मडक्यात पाणी ओतणं बंद झालं.

तिसऱ्या दिवशी, बुधवारी, दिपोटी आले. ओटीवर पिसवा नव्हत्या. साहेबांना शांत झोप लागली. त्यांनी शाळेच्या वहीत लिहिलं, की मास्तर तरुण आहेत, स्वच्छतेबद्दल दक्ष आहेत. ते मी वाचत असताना वाडीतून मंगळीच्या झोपडीचा कूड मोडल्याचा आवाज येत होता.

गुरुवारी सकाळी मी शाळा उघडत होतो तेव्हा मंगळी आली. डोक्यावर गाठोडं. लखमा खाली रस्त्यावर काठीला धरून उभा होता. आजूबाजूला कुणी नव्हतं. मला वाटलं आता ही ओरडेल, शिव्या देईल. खरं सांगतो, मला ते हवं होतं.

ती म्हणाली, "मास्तर, मनीला कुठं पुरली?"

मी कुलपाकडे वळलो.

"चांद्याला अक्कांनी विहिरीच्या अंगाला पुरलाय," ती म्हणाली. "दोगं एकत्र निजायची. म्हनून इचारलं."

मी कुलपात चावी फिरवत राहिलो. कुलूप कधीच उघडलं होतं. ती गाठोडं सावरून खाली उतरली. लखमा तिच्या खांद्याला धरून एक पाय ओढत चालत होता. त्यांची माणसं कोणत्या भट्टीवर आहेत हे त्यांना ठाऊक होतं की नाही, मला माहीत नाही. विचारलं नाही.

त्या गावात मी आणखी दोन वर्षं होतो. अक्कांनी परत कुत्रं पाळलं नाही. त्या आता पेजेतल्या मिठाबद्दल मला सांगायच्या. माझ्या ताटात वाढताना एकदा म्हणाल्या, "तुमी सांगत व्हता मास्तर, म्याच आयकलं न्हाय." मी खाली मान घालून जेवलो. त्यांनी आग्रहानं वाढलेलं सगळं खाल्लं. उरलेली ती पोती फवारणीवाल्यांनी पुढच्या फेरीला नेली. त्यातलं वाटीभर कमी आहे हे कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. पुढच्या वर्षी गावात एका गाईच्या पोटात वासरू आडवं आलं. माणसं दारात उभी राहिली, एकमेकांकडे बघत. मंगळीचं नाव कुणी काढलं नाही. गाय गेली.

मग माझी बदली झाली. लग्न झालं. बदलीच्या गावीच कळलं, की अक्का छातीच्या दुखण्यानं गेल्या. मी त्यांना पत्र लिहीन म्हणत होतो. दोनदा सुरुवातही केली होती, तीर्थरूप अक्कांस साष्टांग नमस्कार, इथपर्यंत.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी असेल. सासुरवाडीला दिघीकडे जायला म्हणून बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन मी आगरदांड्याच्या धक्क्यावर उभा होतो. भरती यायची होती, खाडीपलीकडे नेणारा पडाव थांबला होता. लाकडाची मोळी डोक्यावर घेतलेली एक बाई समोरून आली आणि उभी राहिली.

"मास्तर, बरे हाव ना?"

केस पिकले होते. आवाज तोच. मी हो म्हटलं. तिनं माझ्या बायकोकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, तोंडभर हसली. लखमाबद्दल मी विचारलं. तो गेला होता, त्यांनी गाव सोडल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात, भट्टीवर, म्हणाली. चालणं त्याला झेपलं नाही. हे तिनं मला ऐकवायला म्हणून सांगितलं नाही. मी विचारलं म्हणून सांगितलं.

मग तिनं विचारलं, "आन अक्का कशी हाय?"

मी म्हटलं, "अक्का वारल्या. झाली दोन-तीन वर्षं."

तिनं डोक्यावरची मोळी उतरवली. अशी एकदम, की दोन लाकडं सुटून पाण्यात गेली. ती धक्क्यावर खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. ज्या बाईनं तिला वाडीतून घालवलं तिच्यासाठी. म्हणत होती, "माज्या लखम्याला भाकर दिलेली तिनं. मरस्तवर म्हनत असंल, मंगळीनं माजा चांद्या मारला. तसंच मनात घिऊन ग्येली असंल."

माझ्यापुढे ती बसली होती. हातभर अंतरावर. एक वाक्य पुरे होतं — अक्कांना आता सांगता येणार नव्हतं, पण हिला तरी. ती ओळखून होती. तरी माझ्या तोंडून. तिथे गाव नव्हतं, दिपोटी नव्हते, माझी नोकरी जाणार नव्हती. फक्त माझी बायको होती, शेजारी उभी, मुलीच्या डोक्यावर पदर धरून.

पडाववाल्यानं हाक दिली. मी पिशवी उचलली आणि बायकोला म्हटलं, चल.

पडाव सुटल्यावर तिनं विचारलं, "कोण होत्या त्या? किती रडत होत्या हो."

मी म्हटलं, "त्या गावातली कामाची बाई. मला नाव आठवत नाही."